पहिलं पान

वेबसाइटवर सहा शाखांचे सहा फोटो,
वर अध्यक्षांचा संदेश, त्याखाली रिबीन, कात्री, हार.
तीन आठवडे नुसते रंग बदलत होतो मी
धंतोलीच्या ऑफिसात, कूलरच्या ओल्या वाऱ्यात.

मग गड्डीगोदामच्या केंद्रावर
कुंदा गजघाटेंच्या हातात दिला फोन.
तडकलेल्या काचेवर बोट खाली, खाली, आणखी खाली…
"माह्या पोरीचा क्लास
किती वाजता सुटते, हे कुठी हाय, भाऊ?
अंधारात यावं लागते तिले."

कुठीच नव्हतं.

रात्री अध्यक्षांना खाली सरकवलं.
वर दोनच ओळी:
क्लास साडेआठला सुटतो.
फाटकापाशी दिवा आहे.

सकाळी केंद्रावर फोन केला, दिवा आहे ना?
नव्हता.

दुसरी ओळ तशीच ठेवली,
बल्ब घेऊन निघालो.