मरतुकीचा रकाना

परभणी सोडली की गंगाखेड रोडला
सातव्या किलोमीटरवर पत्र्याचे तीन शेड.
तिथं नऊ वर्षं मी वह्या लिहिल्या.
पक्षी नगात, खाद्य किलोत, तोटा रुपयांत,
आणि शेवटचा रकाना मरतुकीचा.
सकाळी हणमंत बोटांच्या बेचक्यांत पाय अडकवून आणायचा,
दारात टाकून म्हणायचा, मॅडम, सतरा.
मी सतरा लिहायचे.
चहा यायचा.

मग मे महिन्यातली ती दुपार. लाईट गेली ती गेलीच.
जनरेटरात डिझेल नाही,
आणायला गेलेलं पोरगं पंपावरच्या रांगेत.
मी पहिल्यांदाच आत गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.
चार हजार चोची उघड्या,
पंख अंगापासून लांब धरलेले,
उकाड्यात आपण काखा मोकळ्या करतो तसे.
ओरडत कुणीच नव्हतं.
नुसती धाप. पत्र्याखाली एकच मोठी धाप.

संध्याकाळी हणमंतनं आकडा सांगितला नाही.
पाट्या मोजल्या.
मी लिहिलं : चारशे अकरा.
सतरापेक्षा एकच अंक जास्त.

दिवाळीचा बोनस आला, सहा हजार.
डिझेलचे दोन कॅन आणि पत्र्यावर टाकायला गोणपाट घेतलं.
कॅनच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये.
मालक हसले :
तुमच्या पैशानं माझी कोंबडी वाचायली, मला काय वाईट?
हणमंत हसला नाही.
मॅडम, तुम्ही त्येन्ला वाचवायल्या नाहीत,
बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पोचवायलात.
त्या रात्री जेवण गेलं नाही असं लिहिणार होते.
गेलं. वरण-भात, वर लोणचंसुद्धा.

मग जिथं सगळे देतात तिथं दिलं.
गोशाळेत अकराशे. पावती, नारळ, फोटो.
भिंतीवर संगमरवर, त्यावर दात्यांची नावं,
माझं नाव बसेल एवढी जागा अजून होती.
एका गाईनं हात चाटला, खरखरीत.
गाईंशी माझं काय वाकडं?
पण विचारलं, जनावरं किती? बावन्न.
देणगी किती? सांगितली.
भागाकार ही माझी जुनी खोड.
फटफटीवरून परत येताना शेड लागले,
तिथं कुणाच्याच नावाची पाटी नव्हती.

शिरीन काझी तेव्हा भेटली, जनावरांची डॉक्टर.
स्कुटीवर फिरते, पूर्णा, पालम, सोनपेठ.
शेडवाल्यांना सांगते, जरा विरळ ठेवा,
फवारे उसने देते, पैसे नंतर द्या म्हणते.
चार जण हाकलतात, पाचवा ऐकतो.
तिला मी पगाराचा दहावा हिस्सा देते.
फोटो नाही. नारळ तर नाहीच.
पहिल्या महिन्यात हात आखडला,
पाचशे कमी दिले. नंतर झोप लागेना,
सकाळी उठून पाठवले.

भाऊ म्हणाला, कामून करायलीस हे?
आधी माणसांचं बघ. गल्लीतली लेकरं बघ.
त्याचं चुकलेलं नव्हतं.
मी त्याला अजून एक भाकर वाढली.

या मे महिन्यात शिरीनचा फोन :
ताई, शेहेचाळीस डिग्री. पालमच्या शेडवर आज नऊ.
फक्त नऊ, असं म्हणाली ती,
आणि त्या ‘फक्त’पाशी जराशी अडखळली.
नऊ कुठं लिहायचे मला माहीत आहे.
पण जे मेले नाहीत,
ज्यांची धाप लागलीच नाही,
ते कुठल्या रकान्यात?
जे झालंच नाही त्याला नग नाही, किलो नाही,
त्याची पावती कोण फाडणार?

तरी पट्टी घेऊन वहीत एक रेघ मारली.
नवा रकाना, वर मोकळा.
हणमंत खांद्यावरून डोकावला.
लिहा की मॅडम, शिल्लक.

पेन उघडलं होतं.
पण आज एक्केचाळिसावा दिवस,
आणि गाडी रात्री अकराला येणार आहे.