कमाराखाली, सहा वाजता

"सहाला कमाराखाली भेट," असं थेसालोनिकीत
कोणीही कोणालाही सांगतं.
प्रेमात पडलेले, घटस्फोटाचे कागद द्यायला आलेले,
मोर्चाला निघालेली पोरं, फलक अजून ओले,
आणि दात काढायला जाण्याआधी
बहिणीला सोबत बोलावून घेणारी एक बाई.
वर कोणी बघत नाही.
वर सतराशे वर्षं एक लढाई चालू आहे.

एव्हान्थिया बघते. तिला त्याचेच पैसे मिळतात.
परांचीवर, गुडघ्यांखाली स्पंजचा तुकडा,
कापसाचा बोळा, बाटलीतलं शुद्ध पाणी,
एका घोड्याच्या मानेला नऊ दिवस.
बसचा धूर निघतो,
पण धुराबरोबर थोडा घोडाही निघतो,
म्हणून हात हलका.
सम्राटाचा चेहरा तिला धुवावा लागत नाही.
तो कोणीतरी कधीच फोडून नेला,
श्रद्धेने की उगाच, ते दगड सांगत नाही.
उंट मात्र शाबूत.
उंटांचं कोणाशी वैर नसावं.

फरामर्झ खाली स्कूटरवर बसून असतो
पुढच्या ऑर्डरची वाट बघत, मांडीवर हेल्मेट.
गाव सब्जेवार. अर्ज तीन वर्षं विचाराधीन.
एकदा त्याने मान वर करून
मोडक्या ग्रीकमध्ये विचारलं,
"ताई, यातले आमचे कोणते?"

ती थोडी थांबली. असं कोणी विचारत नाही.
मग म्हणाली,
"पायजमे घातलेले."

तो बघत राहिला.
रांगेने चाललेले, हात बांधलेले,
पण पायजम्यांच्या चुण्या काय नीट कोरलेल्या!
जिंकणाऱ्यांच्या मांड्या उघड्या.
मग त्याने चौक बघितला:
पोलीस, बँकेतून सुटलेले कारकून, मोर्चातल्या पोरी,
तिळाच्या कड्या विकणारा म्हातारा स्टेर्गिओस.
"म्हणजे शेवटी," तो म्हणाला,
"आम्हीच जिंकलो की."

ती एवढी हसली की बोळा हातातून सुटला
आणि थेट स्टेर्गिओसच्या टोपलीत.
त्याने तो चिमटीत धरून वर दाखवला:
"हे कोण? राजा की उंट?"

मीही तिथेच होते, कोणाची तरी वाट बघत.
वहीत लिहिलं होतं: विजयाची कमान.
लिहून झाल्यावर
शब्द कुठून आला म्हणून अडले.
फरामर्झला विचारलं, इथल्या कमाराला नव्हे,
माझ्या शब्दाला: कमान?
तो बोलला नाही.
डावा हात लांब केला, उजवा कानापर्यंत ओढला,
एक डोळा मिटला,
आणि दिसत नसलेला बाण
समोरून जाणाऱ्या बसवर सोडला.

धनुष्य.
लहानपणापासून तीरकमान म्हणतेय मी,
पण या दुसऱ्या अर्ध्याकडे
कधी कान दिला नव्हता.
ज्यांना या दगडात बांधून चालवलंय
त्यांच्या खांद्यावरून उतरलेलं हत्यार
माझ्या तोंडात या दगडाचंच नाव झालं.
त्यांचाच दरवाजा. त्यांचीच जखम.
शाबास म्हणायचं तरी त्यांच्याच शब्दात.
कोणत्या फौजेबरोबर आले हे शब्द माझ्या घरी,
कोणत्या सौद्याबरोबर,
आणि तेव्हा कमानीखालून कोण चाललं होतं,
हे मी विचारलं नाही. कोणाला विचारणार?

फोन वाजला. चार पिझ्झा, चौथा मजला, लिफ्ट बंद.
फरामर्झने हेल्मेट चढवलं
आणि विजयी मिरवणुकीच्या वाटेने,
कमानीच्या बरोब्बर मधून,
चालायच्या जागेवरून स्कूटर घातली.
पोलिसाने शिट्टी मारली. तो गेलाच.

पावणेसात. माझं माणूस आलं नव्हतं.
वर एव्हान्थिया सामान आवरत होती.
आज काय झालं, मी खालून विचारलं.
तिने करंगळीचं एक पेर दाखवलं:
एवढीच, म्हणाली,
पायजम्याची एक चुणी.