कंपनीचा वास

शीळफाट्यावरून निघाले तेव्हा दोन्ही दिवे ठीक होते.
मुंब्रा बायपासच्या चढावर
उजवा आधी,
आणि मी अगंबाई म्हणेपर्यंत डावाही.

अंधार पडला असं नाही म्हणता येणार.
होताच तो, फक्त गाडीत येऊन बसला.
उजवीकडे डोंगर, डावीकडे खोल खाली मुंब्र्याच्या खिडक्या,
मागे कंटेनर, त्याचा भोंगा पाठीत.
चाक कठड्याला घासेपर्यंत गाडी कडेला घेतली
आणि स्टिअरिंग सोडवेना.

पाच मिनिटांनी दिवे आपले आपण आले,
काहीच झालं नसल्यासारखे.
पुढच्या वळणावर पुन्हा गेले.
अशी त्यांची मर्जी सांभाळत, थांबत थांबत
खारेगावात उतरले.

बशीर परकारांचं दुकान म्हणजे एक पत्रा, एक बाकडं
आणि खिळ्याला टांगलेले मेलेल्या वायरींचे झुबके.
बल्ब चांगला, फ्यूज चांगला, असं म्हणत ते
डॅशबोर्डखाली उताणे शिरले.
मग बराच वेळ नुसते पायच दिसले.
बाहेर आले ते बोटभर तुकडा घेऊन:
स्विचचं सॉकेट, करपून तपकिरी,
वायरीचं कातडं वाकवलं की पापडासारखं मोडत होतं.

"शंभरचे बल्ब कुणी घातले?"
ह्यांनी.
"रिले न लावता?"
मला कसं माहीत असणार,
मी तेव्हा डाव्या सीटवर बसायचे, मांडीवर डबा धरून.
एवढं आठवतं, त्या रात्री ह्यांनी गेटच्या भिंतीवर झोत पाडला
आणि म्हणाले, बघ, उजाडलं.

"तापली की सोडते, निवली की धरते," परकार म्हणाले.
"वायर बिचारी साठच्या लायकीची.
एका दिवसात नाही जळत, बाई. वर्षं लागतात.
वास नाही आला?"

वास.
आला होता की. दिवाळीच्या आधीपासून येत होता.
पण मी दिघ्यात राहते.
नवी नवरी होते, सासूबाईंनी खिडकी लावून घेतली
आणि सांगितलं, कंपनीचा आहे, सवय होईल.
झाली.
कुजक्या अंड्यांचा, नेलपॉलिशचा, जळक्या रबराचा,
सगळा कंपनीचाच.
दूध करपलं तरी आम्ही आधी आकाशाकडे बघतो.
ह्यांच्या खोकल्यालाही दोन वर्षं
कंपनीचंच नाव होतं.

परकारांनी बॅटरीपासून जाड वायर ओढली, रिले बसवला.
"आता स्विचने फक्त सांगायचं. ओझं ही उचलेल."
टक्‌ झालं.
समोरच्या रसवंतीवाल्याने डोळ्यांवर हात घेतला.
साठचे घालू का, त्यांनी विचारलं.
मी नको म्हणाले.
मग म्हणाले, घाला.
शंभरचे रुमालात गुंडाळून घेतले, अजून गरम होते.

विटाव्याच्या पुलाखालून निघाले
आणि दिघ्याच्या अलीकडे
तोच वास.
गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं,
नव्या वायरीवर तळहात ठेवला,
कपाळावर ठेवतात तसा.
कोमट.
तेवढं चालतं, परकार म्हणाले होते.

वर चिमणीतून पांढरं काहीतरी निघत होतं.
बॉनेट तसंच उघडं ठेवून
मी तिच्याकडेही बराच वेळ बघितलं.