खरवड

खालच्या जबड्यात, उजवीकडे,
दोन दात माझे नाहीत.
थोरल्याने बोटीवरच्या पगारातून बसवून दिले,
हाडात स्क्रू, वर पांढऱ्या टोप्या.
पाच वर्षं मी त्यांनी सुका बांगडा चावला,
आठळ्या फोडल्या,
आणि विसरून गेले.

परवा थुंकीत रक्त दिसलं.
मालवणात, भरडावर, मेडिकलच्या माडीवर
डॉक्टर सारंग बसते.
(आडनाव सारंग, पण होडीत पाय ठेवला की ओकते.
तिनेच सांगितलं.)
तिने बारीक काडी हिरडीत घातली,
मोजलं. दोन. तीन. सहा.
सहा म्हणताना आवाज खाली गेला.

"दुखायचं का, काकी?"
नाय गो.
"तेच तर.
आपल्या दाताला खाली धागे असतात, धक्का लागला की कळतं.
ह्याला नाहीत.
सगळं हाड जाईपर्यंत हा गप्प उभा राहील."

माझा गोविंद असाच.
तीन महिने ताटात भात तसाच ठेवायचा,
"भूक नाय" एवढंच,
आणि पहाटे जाळं घेऊन बाहेर.

दिव्याकडे बघत पडून राहिले, तोंड उघडं.
ती खरवडू लागली.
तो आवाज माझ्या ओळखीचा.
चाळीस वर्षं कालावलच्या खाडीत, ओहोटीला,
कोयतीने खडकावरची कालवं काढली.
एका रात्रीत नाही चिकटत काही.
आधी नुसतं बुळबुळीत,
मग पापुद्रा,
मग दगडच.
जोर लावला तर हात फाटतो,
नाही लावला तर भरती येते.

ती माझ्याहून हळू.
लोखंड नाही लावायचं म्हणाली, चरे पडतात,
चऱ्यांत पुन्हा वस्ती होते.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं
आणि माहीत होतं.

शेवटी मिठाच्या पाण्याने धुतलं.
मला हसू आलं. मीठ-पाणी,
तेवढ्यासाठी एसटीने मालवण!
"पंधरा दिवसांनी या. नाही बसलं तर हिरडी उघडावी लागेल.
गेलेलं हाड परत येईल असं मी म्हणत नाही."
खोटं नाही बोलली. बरं वाटलं.

आता रात्री न्हाणीत, आरशासमोर,
बाटली धुवायचा असतो तसला ब्रश,
पण उंदराच्या शेपटीएवढा,
दोघांच्या मधून फिरवते.
थुंकी बघते. गुलाबी.
परवाच्यापेक्षा कमी.
जीभ लावून विचारते,
काय होतंय का रे?
बोलत नाहीत.
उद्या परत विचारीन.