पाचवं रीळ

प्रिंट एकच, थिएटरं दोन.
सांगलीत खेळ साडेनऊला, मिरजेत सव्वादहाला,
आणि मधल्या सहा मैलांत मी.
नाव शिवलिंग कोरे. मॅनेजर म्हणाला, रिळ्या.
तेव्हापासून रिळ्याच.

रविवारी इंग्रजी. रविवारी व्हेरा हॉलिस.
पोरं तिला व्हेराबाई म्हणत,
बदली होऊन आलेली मास्तरीणच जणू.

कॅरियरला पत्र्याचे डबे, जुन्या ट्यूबने आवळलेले.
आठवडाभर वखारीत हळदीची पोती उचलायचो,
कितीही घासा, नखांत राहायचीच;
झाकणावर पिवळी बोटं उमटत.
काळ्यापांढऱ्या बाईला
सांगलीने दिलेला रंग तेवढाच.

मी तिला अख्खी कधी पाहिली नाही.
मशीनवर बाबालाल मुजावर. त्याच्या खांद्यावरून
पाच मिनिटं, फार तर सात:
जिना उतरणारी,
एकेक बोट सोडवत हातमोजा काढणारी,
टेलिफोनकडे बघत बसलेली. तो वाजायच्या आत
डबे हातात, "पळ!"
फोन कुणाचा, ते मिरजेत कळायला हवं,
पण तिथे पोचावं तर ती मागच्याच रिळात
झाडाखाली हसत असायची.
सांगलीत तिचा नवरा मरायचा
तेव्हा मिरजेत तिचं लग्नही ठरलेलं नसायचं.
ठाऊक मला एकट्याला.
वानलेसवाडीपाशी, उलट्या वाऱ्यात,
कितीदा वाटलं, मागे वळून डब्याला सांगावं,
नको करूस गं.

बाकीचं सुवार्ताबाई सांगायच्या.
मिशन हॉस्पिटलच्या सिस्टर, कडेची खुर्ची ठरलेली,
अमेरिकेची मासिकं यायची त्यांच्याकडे, सहा महिने शिळी.
व्हेरा हे तिचं खरं नाव नव्हे.
बाप दुधाची गाडी हाकायचा.
कंपनीने नाव बदललं,
गाल बसावेत म्हणून दोन दाढा काढल्या,
केस उपटून कपाळ मोठं केलं.
"दाढा? चांगल्या दाढा?"
बाबालालने स्वतःचा गाल चाचपला.
मूल झालं तर करार मोडेल, असं कागदात होतं.
मूल झालं नाही.
हॉलिवूड म्हणजे, बाई म्हणाल्या, आपलं मिरज जंक्शन.
सगळे गाडी बदलायलाच उतरतात.
काहींची पुढची गाडी येत नाही.

मग एका रविवारी बाई तिकीट काढून
आत गेल्याच नाहीत.
मासिकात बोटभर चौकट होती.
भाड्याची खोली. झोपेच्या गोळ्या.
वय एक्केचाळीस, कंपनीच्या हिशेबाने छत्तीस.
गेली फेब्रुवारीत. आता ऑगस्ट.
मधले सहा महिने मी तिला वाहत होतो
आणि डबा
तितकाच जड होता.

त्या दिवशी विश्रामबागचं फाटक पडलेलं.
मालगाडी, वाघिणीमागे वाघीण, संपता संपेना.
मी पाचवं रीळ उघडलं. पहिल्यांदाच.
हातभर फिल्म ओढून
ढगातल्या उजेडापुढे धरली.
नखाएवढी ती. एकीखाली एक, कितीतरी,
सगळ्यांचा हात टेलिफोनकडे निघालेला,
एकीचाही पोचलेला नाही.
फाटकवाला वाकून बघत म्हणाला, "कोण रं ही?"
मी म्हटलं, "मिरजेला निघालीय."

फाटक उघडलं. टांगेवाले मागून ओरडायला लागले.
तिकडे पडदा पांढरा पडला असणार,
शिट्ट्या, खुर्च्यांवर लाथा, मॅनेजर दारात.
मी सदऱ्याला हात पुसले, दोन्ही,
मग झाकण लावलं.