खालचा गिअर

सुपीरियरवरून वारा सुटला की
आमच्या हॅन्कॉकमध्ये बर्फ पडत नाही, मुक्कामाला येतो.
नोव्हेंबरात टेकलेला पाहुणा एप्रिलपर्यंत हलत नाही.
अशा गावात मी ही पिकअप घेतली,
अठ्ठ्याण्णव सालची, दोन माणसांची,
उजवं दार फक्त आतून उघडणारी.
शेजारचा रेइनो कंगास म्हणाला, रिंडा,
(वृंदा त्याच्या जिभेवर बसत नाही)
ही गाडी नाही, हा चमचा आहे.
मग त्यानंच शिकवलं
चमच्यानं काय काय उपसता येतं.

हौद्यात वाळूच्या सहा गोण्या,
म्हणजे मागची चाकं जमीन धरतात.
आधी फावडं, मग पट्टा.
सायलेन्सर मोकळा कर,
नाहीतर आतला माणूस उबेतच झोपून जायचा.
पट्टा बंपरला नाही, खालच्या कडीला.
वर एखादं जाड पांघरूण टाक,
तुटला तर चाबकासारखा तोंडावर येतो.
(मी गोधडी टाकते. आईला सांगितलेलं नाही.)
मग थोडी ढील ठेवून, धावत जाऊन, हिसका.
वजनानं ओढायचं नाही, म्हणाला,
लहान गाडीला हिसकाच येतो.

तसं मी बरंच काही काढलंय.
कॉलेजच्या तीन पोरांची रडकुंडीला आलेली गाडी,
पिझ्झावाल्याची हॅचबॅक, दोनदा, एकाच चरातून.
एक भलामोठा काळा ट्रक,
ज्याचा मालक खाली उतरलाच नाही,
काच चार बोटं खाली करून म्हणाला,
ह्यानं जमेल?
जमलं.
पैसे घ्यायचे नाहीत, हा रेइनोचा कायदा.
वळणावर हळू, एवढं सांगून निघायचं.

काल दुपारी टेकडीवरच्या दफनभूमीकडे
एक लांब काळी गाडी चरात कललेली.
काळ्या कोटातला माणूस हातांनीच बर्फ उकरत होता,
पोरं वाळूत उकरतात तसा.
मी सवयीनं विचारलं, आत कोणी आहे?
आहे, तो म्हणाला. एल्मा सारी. एक्याण्णव.
जमीन दगड झालीय,
तोवर तिला वरच्या कोठीत ठेवायचंय.
मेमध्ये पुरू.

मी फावडं घेतलं.
सायलेन्सर मोकळा केला.
पट्टा कडीला अडकवला, गोधडी टाकली,
आणि स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिले.
हिसका कसा देणार?
आत बाई निजलेली.

मग खालचा गिअर, चारी चाकं,
ढील मुळीच नाही.
झोपलेल्या पोराच्या मानेखालून
आपला हात काढून घ्यावा
तसा पट्टा ताणत नेला.
इंजिन कण्हलं.
रेइनो म्हणाला असता, असं निघत नाही.
आणि बराच वेळ निघालं नाहीच.
मग बोटभर.
मग थांबलं.
मग वीतभर, हातभर,
आणि शववाहिका रस्त्यावर सरळ उभी.

तो पट्टा सोडायला वाकला.
मी म्हटलं, असू दे, वर अजून चढ आहे.
तसेच गेलो आम्ही,
पुढे चमचा, मागे एल्मा,
ताशी पाच मैल, कोणी हॉर्न न वाजवता.

आमच्याकडे बायका खांदा देत नाहीत.
अण्णांच्या वेळी तर मी विमानातच होते,
कुठल्याशा वाळवंटाच्या वर, जेवणाचा ट्रे मांडीवर.
पोचले तेव्हा अंगण धुऊन वाळलंही होतं.
हे त्या कोटवाल्याला काय सांगणार?
त्यानं पाकिटाला हात घातला, मी मान हलवली.
उतरताना हळू, म्हटलं.

रात्री रेइनोला सगळं सांगितलं.
तो बराच वेळ कॉफीत बघत राहिला.
मग म्हणाला, गोण्या किती होत्या?
सहा.
आठ घाल.