सलाक

दाभोळच्या धक्क्यामागे, मुर्तुजा परकारांच्या पडवीत
दर मंगळवारी मी एक मूठ उघडायला जाते.
उजवी. झटका आल्यापासून
तिनं काहीतरी धरून ठेवलंय, सोडत नाही.

"रिलॅक्स, चाचा," मी म्हणते. कॉलेजात असंच शिकवलेलं.
चाचा वाशांकडे बघतात. मूठ आणखी आवळते.
खैरून चहा ठेवत म्हणते,
"ह्यांना जन्मात कुणी आराम करा म्हटलं नाही,
आता कुठून ऐकू येणार?"

मग एकदा जानू पालशेतकर आला, पिशवीत चार बांगडे.
दोघं एकाच कंपनीच्या जहाजांवर,
हा पुढच्या दोरावर, तो मागच्या.
थोडा वेळ माझी खटपट बघितली,
कप खाली ठेवला, आणि ओरडला:
"सारंगा! सलाक दे!"

अंगठा हलला.
मग त्याच्या शेजारचं बोट.
बाकीची तीन नाहीत.

परतताना फेरीबोटीत मी फोनवर शब्दकोश उघडला.
सलाक म्हणजे स्लॅक.
आधी तो माणसाला म्हणायचे: मंद, हलगर्जी, जवळजवळ शिवीच.
दोराला नंतर लागला.
मग पाण्याला, भरती संपून सुकती लागायच्या आधी
खाडी जरा विचारात पडते, तेवढ्या वेळाला.
मग ढगळ विजारीला.
आणि आमच्याकडे येता येता काय झालं कोण जाणे,
माझी भाची फ्रॉकखाली घालते ती स्लॅक
इतकी घट्ट की कमरेवर वळ उठतात.

रिलॅक्स त्याचाच लांबचा चुलतभाऊ,
लॅटिन शिकून आलेला, डॉक्टरांत उठबस असलेला.
ह्या पडवीत त्याला कुणी ओळखत नाही.

धोपाव्याला एक पोरगा होडी बांधत होता, दोर सैल सोडून.
"एवढा कशाला?"
"बाई, पाणी उतरणार. ताणून बांधली
तर रात्री होडी दोराला लटकेल."

पुढच्या मंगळवारी मी हळूच म्हटलं, "स्लॅक द्या, चाचा."
काही नाही.
खैरून पदर तोंडाला लावून हसली.
"असं नाय गो. वारा आहे समज. लांबून बोल."

मी अंगणात गेले, माडाशी उभी राहिले
आणि ओरडले. कोंबड्या उधळल्या,
शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या.

तिसरं बोट, बहुतेक. मी आत धावले तेव्हा
मुठीत काही नव्हतं,
एका जाड दोराएवढी जागा फक्त.